विहिरीवरचा जावई

"जावई आला बगा," बायजाक्का म्हणाली आणि तिनं वल्हं पाण्यातून काढून मांडीवर आडवं घेतलं.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. जानेवारीतली सकाळ होती, सव्वासात वाजले होते आणि धरणाच्या फुगवट्यावरचं धुकं नुकतंच विरायला लागलं होतं. आमच्यापासून शंभरेक मीटरवर, चारी बाजूंना नुसतं उघडं पाणी असलेल्या जागी, एक बगळा पोटापर्यंत पाण्यात उभा होता. मान तांबूस, पाठ करडी, डोक्यावर काळा पट्टा नाही. चोच काळी दिसत होती, पण सूर्य त्याच्या मागे होता, आणि सूर्य मागे असला की पोपटाची चोचसुद्धा काळी दिसते. तेवढं भान मला होतं. दुर्दैवानं तेवढंच होतं.

जावई हे नाव बायजाक्काचं. मान ताठ, काम काही नाही, पुढ्यात येईल ते गिळायचं आणि जरा कुठं भांडं वाजलं की रुसून निघून जायचं, असा तिचा हिशेब. महिनाभर तो रोज त्याच जागी येतो, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही, असं ती सांगत होती. मी तिला हळू आवाजात विचारलं, की हा बगळा तिला नेहमीच्या बगळ्यांपेक्षा मोठा वाटतो का. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "जावई म्हटल्यावर मोठाच वाटणार की."

बगळा उडाला. पंख सावकाश हलवत, पाय मागे लांब सोडून तो पलीकडच्या लव्हाळ्यांकडे गेला. मी मात्र त्याच्याकडे पाहत नव्हते. तो उभा होता ती जागा नजरेतून सुटू नये म्हणून मी काठावरच्या खुणा पक्क्या करत होते. मारुतीच्या देवळाचा कळस आणि त्यामागचा मोबाइलचा टॉवर ही एक रेषा. पंपघराचं दार आणि एकुलती बाभळ ही दुसरी. दोन रेषा जिथे छेदतात तिथे बगळा.

"आक्का, तिथे न्या," मी म्हणाले.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. बार्शीची, मृदुला शेटे, भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झालेली आणि पक्ष्यांच्या नादी लागलेली. नव्या कुरणवाडीत मावशीकडे राहून मी फुगवट्यावरच्या पाणपक्ष्यांची मोजणी करत होते. त्याचं कारण होतं डॉ. कारखानीस. पुण्याच्या या गृहस्थांनी पाणथळींचं दोन वर्षांचं सर्वेक्षण हाती घेतलं होतं आणि त्यांना एक सहायक हवा होता. एक जागा, सतरा अर्ज. मुलाखतीत त्यांनी माझ्या अर्जाकडे पाहून एवढंच म्हटलं होतं, की पक्षी बघणारे पुष्कळ आहेत, काहीतरी मोजून दाखवा. इकडे बार्शीत बाबांनी बी. एड.चा अर्ज माझ्या नावे स्वतःच्या सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता. फोटो चिकटवला होता. फक्त सहीची जागा मोकळी होती आणि मुदत पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचला संपत होती. तो अर्ज त्यांनी मावशीच्या पत्त्यावर पाठवला होता आणि मी तो पाण्यापासून जपायला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या सॅकमध्ये ठेवला होता, कारण घरात ठेवला की मावशी तो दिवसातून तीनदा माझ्यासमोर आणून ठेवत असे.

बायजाक्का माझी नाववाली. चाळिशीची, भोई समाजातली, दंड असे की माझ्या दोन हातांचा मिळून तिचा एक व्हावा. जुनी कुरणवाडी पाण्याखाली गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पण तिच्या तोंडी ते सगळं गाव अजून जागच्या जागी होतं. चिंचेखाली चिलापी मासा लय लागतो, म्हणायची. चावडीमागं जाळं टाकू नये, फाटतं. चहूकडे सपाट पाणी, वर आभाळ, आणि ही म्हणायची, आता आपण पाटलाच्या गोठ्यातनं चाललोय, डोकं सांभाळा. पहिल्या दिवशी मी खरंच डोकं खाली घातलं होतं. त्यावर ती आठवडाभर हसत होती. ही नावं मला फार आवडायची. मी ती वहीत एका रकान्यात नीट लिहून घेत असे. रकान्याचं शीर्षक होतं 'स्थानिक नाव'.

त्या सकाळच्या नोंदीत त्या रकान्यात मी लिहिलं आहे: 'आबाची विहीर'.

दोन रेषा जुळल्या तशी मी आक्काला थांबायला सांगितलं आणि माझा बांबू काढला. बारा फुटी बांबू होता. त्यावर मी दर दहा सेंटिमीटरला लाल रंगाचा पट्टा मारला होता आणि मधली मापं खिळ्यानं कोरली होती. तीन मापं घ्यायची, सरासरी काढायची, हे हाडांत मुरलेलं. पहिलं माप अठ्ठावन्न. दुसरं साठ. तिसऱ्या वेळी बांबू टक् करून मध्येच थांबला: एकतीस.

एकतीस काहीच्या काही होतं. आजूबाजूचा तळ मऊ गाळाचा आणि सपाट. बांबू एखाद्या धोंड्यावर टेकला असणार. मी एकतीसवर एक आडवी रेघ मारली, प्रयोगशाळेत शिकवतात तशी, आकडा वाचता येईल इतपत हलकी, आणि बाजूला लिहिलं: 'दगड. वगळावे.' मग सरासरी काढली. एकोणसाठ.

पोटापर्यंत एकोणसाठ सेंटिमीटर पाय. जवळजवळ दोन फूट. मी होडीत खाली बसले. आपल्याकडच्या जांभळ्या बगळ्याचा रंग साधारण असाच असतो, पण त्याचे पाय पोटापर्यंत मोजले तर याच्या निम्मे भरतात. राखी बगळाही तेवढाच. पोटापर्यंत दोन फूट पाय असलेला, तांबूस मानेचा, डोक्यावर काळा पट्टा नसलेला बगळा जगात एकच आहे. महाकाय बगळा. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा, चोच आणि पाय काळे. आपल्या देशात फार क्वचित कुणाला दिसलेला आणि आमच्या जिल्ह्याच्या यादीत तर नावालाही नसलेला.

"काय झालं? चक्कर आली का?" आक्कानं विचारलं.

मी काही नाही म्हणाले. तिला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिच्यावर अविश्वास नव्हता. पण ती संध्याकाळी मासळी घेऊन बाजारात बसायची, आणि तिथे बसलेल्या बाईला सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी तीन तालुक्यांना कळते. पुण्यामुंबईचे कॅमेरेवाले धावत आले असते. शोध माझा होता आणि डॉक्टरांना दाखवेपर्यंत तो माझाच राहायला हवा होता.

त्या दिवशी दुपारी मी डॉक्टरांना चार पानी अहवाल पाठवला. त्यात तक्ता होता, आकृती होती, दोन रेषांच्या छेदाचा नकाशा होता आणि 'त्रुटी: अधिक-उणे दोन सेंटिमीटर' असं एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान वाटत होता. डॉक्टरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. रविवारी सकाळी येतो. बगळा आणि मोजण्याची पद्धत, दोन्ही दाखवा, मग जागेचं बोलू.

रविवारी ते आले तेव्हा मला कळलं, की पाणपक्ष्यांवर आयुष्य घालवलेल्या या माणसाला पाण्याची भीती वाटते. साठीचे, गोरटेले, स्थूल. अंगात लोकरी स्वेटर, त्यावर केशरी लाइफ जॅकेट, आणि डोक्यावर एक जुनी फेल्ट हॅट, जी त्यांनी हनुवटीखाली नाडी बांधून पक्की केली होती. होडीत पाय ठेवण्याआधी त्यांनी आक्काला विचारलं की ही किती जुनी आहे. आक्का म्हणाली, होडी का मी? मग तीच म्हणाली, दोघीही चाळिशीच्याच आहोत, पण होडीला अजून एकही ठिगळ नाही. डॉक्टर यावर हसले नाहीत. ते दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून मधोमध बसले आणि बोलले ते थेट पाऊण तासानं.

आक्का मात्र खुशीत होती. पुण्याहून मोठे डॉक्टर आपल्या पाण्यावर आले याचा तिला काय आनंद. वाटेत तिनं त्यांना सगळं गाव दाखवलं. हे देऊळ, ही शाळा, हा तालीमखाना, इथं माझ्या चुलत्याचं डोकं फुटलं होतं. डॉक्टर पाण्याकडे न बघता मान डोलावत होते.

जागेवर पोचलो तेव्हा जावई नव्हता.

आम्ही लांब थांबून वाट पाहिली. आठ वाजले, सव्वाआठ झाले. पाणकावळे येऊन गेले, बदकांचा एक थवा उतरून पुन्हा उठला. डॉक्टरांनी दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाले, "तोवर पद्धत दाखवा."

मला तेच हवं होतं. पक्षी येईल किंवा न येईल, पद्धत तर माझ्या हातात होती. कळस आणि टॉवर. दार आणि बाभळ. आक्कानं होडी नेऊन उभी केली. वारा थोडा होता, त्यामुळे होडी हातभर पुढे सरकली असावी. मी उभी राहिले, उजव्या हातात बांबू घेतला, डाव्या हातात वही आणि पेन्सिल. डॉक्टर पलीकडच्या लव्हाळ्यांमध्ये दुर्बिणीतून काही शोधत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी बांबू पाण्यात सोडला.

साठाला तो थांबायला हवा होता. थांबला नाही. सत्तर झाले, ऐंशी झाले. शंभरावरचा पट्टा पाण्याखाली गेला.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. मला तेव्हाच बांबू वर ओढून घेता आला असता. डॉक्टर बघत नव्हते. आक्का बघत होती, पण तिला माझी आकडेमोड ठाऊक नव्हती. होडी दोन हात सरकवली असती की तळ लागला असता, साठ आले असते आणि मी हसतमुखानं ते वाचून दाखवले असते. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, अगदी क्रमानं. पण हात थांबेना. दीडशे. दोनशे. हे किती खोल जातंय? एवढ्या उथळ पाण्यात एवढं खोल काय आहे? पट्टे संपले. मी वाकले. आता बांबूचं वरचं टोक पाण्याच्या जेमतेम वर होतं. मी आणखी वाकले.

होडी कलली. डॉक्टरांनी एक आवाज काढला, जो मी कुठल्याही पक्ष्याचा ऐकलेला नाही. आक्कानं मागून माझी ओढणी आणि जॅकेट एकत्र पकडून मला आत खेचलं आणि मी होडीच्या तळाला आडवी झाले. बांबू हातातून सुटला आणि दिसेनासा झाला.

 मी पडल्या पडल्या वहीत लिहिलं: '८.४०. बांबू पूर्ण. तळ नाही.'

मग बांबू परत आला. बारा फूट कोरडा बांबू पाण्यात उभा दाबून सोडला तर तो कसा परत येतो हे एम. एस्सी. झालेल्या मुलीनं आधी सांगायला हवं होतं. तो होडीच्या कडेशी पाण्यातून सरळ वर उसळला, डॉक्टरांच्या हॅटच्या काठाला लागला आणि हॅट नाडीसकट त्यांच्या पाठीवर लटकली. त्यांचं टक्कल सकाळच्या उन्हात चमकलं. बांबू आडवा पडला आणि शांतपणे तरंगायला लागला, जणू त्याचा या प्रकाराशी काही संबंधच नव्हता.

डॉक्टरांनी हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली. नाडी बांधली. मग मला विचारलं, "बांबू बारा फुटांचा?"

"हो."

"तळ लागला नाही."

"नाही."

"मग या बगळ्याचे पाय किती धरायचे? बारा फूट, की जास्त?"

 आक्का माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं पाहत होती. बगळ्याच्या पायांचं काय, असं तिनं विचारलं. तेव्हा मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. बगळा पोटापर्यंत पाण्यात होता, पाणी इतकं खोल होतं, म्हणून पाय इतके लांब, म्हणून पक्षी तो. बोलता बोलता माझाच आवाज बारीक होत गेला.

आक्कानं वल्हं उचललं आणि दोन हात डावीकडे पाण्यात खुपसलं. टक् आवाज आला. तिनं वल्हं जरा पुढे नेलं. टक्. आणखी पुढे. टक्.

"ह्यो कठडा," ती म्हणाली. "विहीर हाय न्हवं का ही. माझ्या आबाची. तुमाला पयल्याच दिशी सांगितलं की, जावई विहिरीवर येतो म्हून. तुमी लिवून पण घेतलं." तिनं वल्ह्यानं कठड्याच्या आतल्या पाण्याकडे दाखवलं. "आत गाळ गेला तरी आजून तीन पुरुष खोल आसंल. आबानं नऊ म्हैने खणली. आन ह्यो पठ्ठ्या कठड्यावर हुबा ऱ्हातो, मासं आतनं वर येत्यात म्हून."

डॉक्टरांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी पानं मागे उलटली आणि त्या पहिल्या सकाळच्या नोंदीवर आले. त्यांचं बोट रकान्यांवरून सरकत गेलं. स्थानिक नाव: आबाची विहीर. तळ: गाळ, मऊ. अठ्ठावन्न. साठ. मग बोट थांबलं.

"एकतीस का खोडलं?"

"दगड लागला होता."

"आणि बगळा कशावर उभा होता?"

ते इतक्या साध्या स्वरात विचारत होते, की आत्ता वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं. तीनपैकी दोन मापं मी विहिरीबाहेरच्या चिखलाची घेतली होती आणि ज्या एका जागेवर पक्ष्याचे पाय होते नेमकं तेवढंच माप खोडून टाकलं होतं. बाजूला कारणासह.

आम्ही होडी लांब नेऊन उभी केली. परत जायचं का, असं कुणी म्हणालं नाही. डॉक्टर बहुधा पुन्हा तेवढं अंतर कापायला धीर गोळा करत होते. सव्वानऊ झाले असतील, तेव्हा आक्कानं माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली.

जावई उतरत होता. पंख मिटले, मान लांब केली, आणि पोटापर्यंत पाण्यात, बरोबर आपल्या जागेवर उभा राहिला. उघड्या पाण्याच्या मधोमध तो खरंच केवढा दिसत होता. आता सगळं ठाऊक असूनही मी पुन्हा दुर्बीण उचलली. मग बहुधा मासा सरकला, कारण तो चालायला लागला. एक पाऊल, थांबून दुसरं. पाणी पोटाखाली तेवढंच राहिलं. तो थोडा डावीकडे वळला. मग आणखी थोडा. मी पाहत राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की तो वळतोच आहे, सतत, सारख्या प्रमाणात.

"गोल फिरतोय," डॉक्टर कुजबुजले. होडीच्या कडा त्यांनी सोडल्या होत्या. दोन्ही हातांनी दुर्बीण धरून ते गुडघ्यांवर उठले होते.

"परदक्षिणा घालतोय सासऱ्याला," आक्का म्हणाली.

पाच-सहा मिनिटांत त्या पक्ष्यानं आम्हाला सगळी विहीर आखून दाखवली. पाण्याखालचा तो कठडा, जो आक्काशिवाय कुणी तीस वर्षांत पाहिला नव्हता, आम्हाला दिसत होता. पलीकडच्या बाजूला आल्यावर त्याच्या अंगावर समोरून ऊन पडलं. चोच खालून पिवळी होती. मग त्यानं पाय उचलून मान खाजवली. पाय पिवळसर. माझ्या मनात अजून कुठेतरी जी बारीक आशा तग धरून होती, ती त्या पायानं खाजवून टाकली. शेवटी एक पाणकावळा येऊन त्याच्या शेजारी कठड्यावर बसला, आणि आमचा महाकाय पक्षी पाणकावळ्याच्या शेजारी जेवढा दिसायला हवा तेवढाच दिसायला लागला.

"जांभळा बगळा," मी म्हणाले. "मागच्या हंगामातलं पिल्लू. डोक्यावरचा काळा पट्टा अजून आलेला नाही."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले, पण दुर्बीण खाली घेतली नाही. "उघड्या पाण्यात असा उभा राहत नाही हा सहसा. लव्हाळ्यात दडून असतो. याला हा कठडा कसा सापडला असेल?"

हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता. बगळा उडून जाईपर्यंत, म्हणजे चाळीस मिनिटं, आम्ही तिथेच होतो.

काठावर आल्यावर डॉक्टरांनी कोरड्या जमिनीवर दोन्ही पाय आपटून खात्री करून घेतली. जॅकेट काढलं. आक्काला नमस्कार केला. मग जीपच्या बॉनेटवर माझी वही उघडून उभे राहिले. मी बाजूला उभी होते. पाठीवरच्या सॅकमध्ये तो अर्ज होता आणि सही कुठल्या पेननं करायची याचा मी विचार करत होते.

"हे कधी लिहिलंत?" त्यांनी आजच्या नोंदीवर बोट ठेवलं. 'बांबू पूर्ण. तळ नाही.' अक्षर वाकडंतिकडं, पेन्सिल एका जागी कागदातून आरपार गेलेली.

"तिथेच. पडल्यावर."

"बांबू सोडला," मागून आक्का म्हणाली, "पर पेन्सल काय सोडली न्हाई. मी म्हटलं, बुडाली तरी लिवूनच बुडंल."

डॉक्टरांनी कागदाच्या त्या भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एकतीस खोडणं वाईट होतं. फार वाईट. पण ते मला शिकवता येईल. हे दुसरं मी कुणाला शिकवू शकलेलो नाही." त्यांनी वही मिटून मला दिली. "उद्यापासून या. पण आधी यांच्याकडून एक काम करून घ्या. पाण्याखाली काय काय आहे, ते सगळं. नुसती नावं लिहू नका, जागा मांडा." आणि आक्काकडे वळून त्यांनी विचारलं, अशा विहिरी गावात किती होत्या.

"अकरा," आक्का म्हणाली. "पाटलाच्या दोन धरून. आन बांध किती, घराम्होरचे वटे किती, ते तर इचारूच नका."

डॉक्टर म्हणाले, की विचारतोच आहे, आणि जितके दिवस त्यांचं काम चालेल तितके दिवस ही होडी आणि होडीवाली, दोघी सर्वेक्षणात हव्यात. आक्का म्हणाली, बघू, जाळी सांभाळून जमलं तर. मग जीप गेली, तसं तिनं मला विचारलं की ह्यो माणूस पाण्याला एवढा भितो तर ह्या धंद्यात पडलाच कशाला. मला अजून त्याचं उत्तर मिळालेलं नाही. पुढे दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर शंभरेक वेळा होडीत बसले, आणि शंभर वेळा त्यांनी ती हॅटची नाडी बांधली.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. त्यानंतर मी पुष्कळ पाणथळी मोजल्या. महाकाय बगळा मला आजतागायत दिसलेला नाही. पण मनात कधी एखादं माप खोडायची इच्छा झाली की मी आधी त्या पहिल्या नकाशाकडे बघते. तो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तो काढला दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आक्काच्या अंगणात. ती जाळं दुरुस्त करत होती आणि मी समोर बसले होते. वहीचं पान लहान पडत होतं. मोठा कागद हवा होता, तसा सॅकमध्ये एकच होता: बाबांच्या सुवाच्य अक्षरातला, जाड, आत दुमडलेला, पाठ कोरी. मी तो पिशवीतून काढून जमिनीवर पसरला. संध्याकाळी पाच वाजता, बी. एड.ची मुदत संपली तेव्हा, त्या कोऱ्या पाठीवर मी कुरणवाडीची अकरावी विहीर मांडत होते.

आक्का उठून माझ्या खांद्यावरून वाकली. चिंच जरा अलीकडे घे, म्हणाली. चावडी सरळ न्हवती, तिरकी होती. मग तिचं बोट आबाच्या विहिरीवर येऊन थांबलं.

"हितं जावई काढ."

मी पेन्सिल टोकदार केली. तो किती उंच काढू, असं तिला विचारलं. आता कुठलंही माप विचारल्याशिवाय मी काढणार नव्हते.

"त्याला कशाला उंच काढतीस," आक्का म्हणाली आणि पुन्हा जाळ्याकडे वळली. "आबाचा कठडा नीट काढ. त्यो आपोआप उंच दिसंल."